अल्टरनेटर, मिनीव्हॅन आणि घरच्या दुरुस्तीची शंभर वर्षे

१/
गाडीच्या डॅशबोर्डवर बॅटरीच्या आकाराचा एक लाल दिवा असतो. किल्ली फिरवताच तो लागतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो. चालत्या गाडीत तो पुन्हा लागला, तर बहुतेक वेळा अल्टरनेटर या यंत्राने काम थांबवलेले असते. अमेरिकेतील असंख्य कुटुंबांनी अशा वेळी गाडी मेकॅनिककडे न नेता सुटीच्या दिवशी घरच्या गॅरेजमध्येच हे यंत्र बदलले आहे. दोन-तीन बोल्ट, एक पट्टा, एक जाड तार, एवढेच ते काम. पण माणसाला ते घरी करता यावे, यामागे विज्ञानाचा, उद्योगाचा आणि कायद्याचा मोठा इतिहास उभा आहे. हा थ्रेड त्या इतिहासाचा.

२/
आधी यंत्राची ओळख. बॅटरी गाडी सुरू करून देते. त्यानंतर दिवे, पंखा, रेडिओ, इंधनाचा पंप आणि इंजिनातील ठिणगी या सर्वांना वीज पुरवतो तो अल्टरनेटर. सुरुवातीला बॅटरीतून खर्च झालेली वीजही तोच भरून देतो. म्हणून तो बंद पडला तरी गाडी लगेच थांबत नाही. बॅटरीतील शिल्लक संपेपर्यंत ती चालत राहते, मग दिवे मंदावतात आणि शेवटी इंजिन शांत होते.

३/
कथेचा आरंभ १८३१ मध्ये होतो. मायकेल फॅरेडे यांनी विद्युत चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला: चुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्यात सापेक्ष हालचाल झाली की तारेत वीज निर्माण होते. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये इपोलित पिक्सी यांनी हाताने फिरवायचे जनित्र बनवले. त्यात चुंबक फिरे आणि वेटोळी स्थिर राहत. मिळणारी वीज मात्र सतत दिशा बदलत असे. म्हणजेच ती प्रत्यावर्ती होती. त्या काळी अशा विजेचा उपयोग कोणाला सुचेना. आंपेर यांच्या सूचनेवरून पिक्सींनी यंत्राला कम्युटेटर जोडला आणि वीज एकाच दिशेने वाहू लागली. मोटारगाडीने ही पायरी उलट उतरायला सव्वाशेहून अधिक वर्षे घेतली.

४/
मोटारगाडीत वीज आली ती प्रथम केवळ ठिणगीपुरती. फोर्डच्या प्रसिद्ध 'मॉडेल टी'मध्ये (१९०८ ते १९२७, एकूण दीड कोटीहून अधिक गाड्या) इंजिनाच्या जड चाकावरच चुंबक बसवलेले होते. तो मॅग्नेटो प्रत्यावर्ती वीज देई. १९१५ पासून समोरचे दिवेही त्यावर चालू लागले. पण इंजिन मंदावले की दिवेही मंदावत. रात्री खराब रस्त्यावर, जिथे प्रकाशाची सर्वाधिक गरज, नेमक्या तिथेच गाडी हळू चाले आणि अंधार वाढे.

५/
इंजिन सुरू करण्यासाठी तेव्हा समोरून लोखंडी हँडल मारावे लागे. ते उलटे फिरले तर मनगट मोडे. यावर तोडगा काढला चार्ल्स केटरिंग यांनी. ओहायोतील डेटन येथे त्यांच्या डेल्को कंपनीने तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला. त्यातील एकच यंत्र मोटर होऊन इंजिन फिरवी आणि इंजिन सुरू झाल्यावर जनित्र होऊन बॅटरी भरी. आता गाडीला बॅटरी अपरिहार्य झाली. बॅटरीत एकाच दिशेची, म्हणजे दिष्ट वीज साठते. त्यामुळे गाडीत पिक्सींचा कम्युटेटर बसवलेले जनित्र आले. हाच डायनामो.

६/
डायनामो साधा होता आणि साधेपणामुळे मालकाच्या हातातला होता. कार्बनचे ब्रश झिजले तर नवे बसवायचे. कम्युटेटर काळवंडला तर बारीक पॉलिशपेपरने घासायचा. रेग्युलेटरचे संपर्क-बिंदू चिकटले तर साफ करून अंतर जुळवायचे. बिघाड डोळ्यांना दिसे आणि हातांना सापडे. अमेरिकेच्या ग्रामीण भागात शेतकरी जसा नांगर दुरुस्त करी, तशीच गाडीही करी. जवळचे वर्कशॉप अनेक मैल दूर असताना दुसरा मार्गही नव्हता.

७/
डायनामोची मर्यादा त्याच्या रचनेतच होती. त्यात वीज फिरत्या भागात निर्माण होई, म्हणून तयार झालेली सगळी वीज कम्युटेटर आणि ब्रश यांतूनच बाहेर काढावी लागे. तिथे ठिणग्या उडत, झीज होई. जास्त वेगाने फिरवला तर फिरती वेटोळी बाहेर फेकली जाण्याचा धोका, आणि मंद वेगात तर वीज जवळजवळ नाहीच. १९५० च्या दशकात अमेरिकन गाड्यांत हीटर, रेडिओ, विजेवर चालणाऱ्या काचा आणि वातानुकूलन आले. त्याच वेळी शहरांत गाड्या सिग्नलला तिष्ठू लागल्या. विजेची मागणी वाढली, आणि ती नेमकी इंजिन मंद असताना.

८/
उपाय माहीत होता: रचना उलटी करायची. चुंबक आत फिरवायचा आणि वीज बाहेरच्या स्थिर वेटोळ्यांत निर्माण होऊ द्यायची, म्हणजे पुन्हा पिक्सींच्या मूळ यंत्राकडे जायचे. अडचण एकच. अशी वीज प्रत्यावर्ती असते आणि बॅटरीला ती चालत नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेतील लीस-नेव्हिल कंपनीने पोलिसांच्या गाड्यांसारख्या खास वाहनांसाठी अल्टरनेटर बनवले. ही वाहने बराच वेळ उभी राहत आणि त्यांचे वायरलेस संच मात्र सुरूच असत. वीज एका दिशेची करण्यासाठी तेव्हा सेलेनियमच्या पट्ट्यांचा मोठा, महागडा संच वेगळा बसवावा लागे. घरगुती गाडीला तो परवडणारा नव्हता.

९/
कोंडी फोडली सिलिकॉनने. १९५० च्या दशकात सिलिकॉनचे डायोड बाजारात आले. डायोड म्हणजे विजेचा एकेरी रस्ता: एका दिशेने जाऊ देतो, उलट येऊ देत नाही. पट्ट्यांच्या मोठ्या संचाचे काम आता बटणाएवढे सहा तुकडे करू लागले आणि ते अल्टरनेटरच्या कवचातच मावले. क्रायस्लरने १९६० च्या 'व्हॅलियंट' या छोट्या गाडीत अल्टरनेटर सरसकट दिला आणि पुढच्या वर्षी आपल्या सर्व गाड्यांत. दशकाच्या मध्यापर्यंत जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनीही तीच वाट धरली. (क्रायस्लर हे नाव मुंबईलाही परिचयाचे होते. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या होत्या.)

१०/
नव्या यंत्राची खुबी अशी: आत फिरणारा रोटर हा विद्युतचुंबक असतो. त्याला लागणारी वीज जेमतेम काही अँपियर, तेवढीच ब्रशमधून जाते. म्हणून ब्रश वर्षानुवर्षे टिकतात. मोठा प्रवाह स्थिर वेटोळ्यांतून थेट डायोडकडे जातो. फिरता भाग भक्कम असल्याने पुली लहान ठेवून त्याला इंजिनाच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरवता येते. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीतही बॅटरी भरत राहते. डायनामोला हे साधले नव्हते.

११/
तांत्रिक विजयासोबत मालकाच्या भूमिकेतही बदल झाला. डायोड कवचात दाबून बसवलेले असत. १९७० च्या दशकात रेग्युलेटरही अनेक अल्टरनेटरांच्या पोटात गेला. आता यंत्र उघडून आतला दोष शोधण्यापेक्षा ते आख्खे बदलणे सोपे ठरू लागले. 'दुरुस्ती'ची जागा 'बदली'ने घेतली. याभोवती एक व्यापारही रुजला: दुकानदार नव्या नगाच्या किमतीवर अनामत रक्कम घेई आणि जुना नग परत आणल्यावर ती परत करी. तो जुना नग कारखान्यात जाई, तिथे झिजलेले भाग बदलून तो पुन्हा विक्रीला येई. आतले ज्ञान घरातून कारखान्यात गेले. बोल्ट सोडण्याचे कौशल्य तेवढे घरी राहिले.

१२/
हे उरलेले कौशल्य मात्र छापील पुस्तकांमुळे खूप दूर पसरले. अमेरिकेत चिल्टनच्या दुरुस्ती-पुस्तिका होत्याच. ब्रिटनच्या जॉन हेन्स यांनी हवाई दलाच्या नोकरीत एडनला असताना मित्राची ऑस्टिन-हीली स्प्राइट गाडी उघडून पुन्हा जोडली आणि पायरीपायरीने छायाचित्रे काढली. त्यातून १९६६ मध्ये पहिली हेन्स पुस्तिका निघाली. तिच्या ३,००० प्रती तीन महिन्यांच्या आत संपल्या. प्रत्यक्ष गाडी खोलून मगच लिहायचे, हा त्यांचा शिरस्ता. पुढे त्यांनी अमेरिकन गाड्यांवरही पुस्तिका काढल्या.

१३/
पुस्तकांच्या जोडीला कायदा आणि दुकाने आली. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्याने अमेरिकन ग्राहकाला संरक्षण दिले: केवळ दुसऱ्या कंपनीचा भाग बसवला या कारणावरून उत्पादकाला वॉरंटी नाकारता येईना. १९७९ मध्ये आर्कान्सामधील फॉरेस्ट सिटी या गावात सुट्या भागांचे एक दुकान उघडले. तेच पुढे 'ऑटोझोन' झाले. अशा दुकानसाखळ्या जुना अल्टरनेटर विनामूल्य तपासून देऊ लागल्या आणि अनामत ठेवून अवजारेही वापरायला देऊ लागल्या. पाना नाही म्हणून काम अडण्याचे कारण उरले नाही.

१४/
अशा काळात मिनीव्हॅन अवतरली. फोर्डमध्ये हॅल स्पर्लिच यांनी अशा गाडीची कल्पना मांडली होती, ती नाकारली गेली. स्पर्लिच आणि ली आयकोका या दोघांनाही फोर्डमधून बाहेर पडावे लागले आणि दोघे क्रायस्लरमध्ये एकत्र आले. कंपनी तेव्हा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकन सरकारने तिच्या दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली. नोव्हेंबर १९८३ मध्ये कॅनडातील विंडसरच्या कारखान्यातून पहिली मिनीव्हॅन बाहेर पडली. 'डॉज कॅराव्हॅन' आणि 'प्लिमथ व्हॉयेजर' या दोन नावांनी ती विकली गेली आणि कंपनी सावरली.

१५/
या गाडीच्या आराखड्यात एक अट पक्की होती: ती अमेरिकन घराच्या गॅरेजमध्ये मावली पाहिजे. मोठ्या व्हॅन उंचीमुळे बाहेरच उभ्या राहत. पण आत जागा वाढवायची आणि बाहेरून लहान ठेवायची, तर इंजिनालाच आखडून घ्यावे लागले. ते आडवे बसवले गेले आणि पुढच्या चाकांना जोडले गेले. परिणामी पट्ट्याची बाजू थेट मडगार्डला भिडली. गाडी घरच्या गॅरेजमध्ये आली खरी. पण अल्टरनेटरपर्यंत हात पोहोचवणे अवघड झाले. मिनीव्हॅनच्या बॉनेटखाली वाकलेल्या माणसाची सोललेली बोटे ही या आराखड्याचीच देणगी.

१६/
आता प्रत्यक्ष काम. यातील प्रत्येक पायरीलाही इतिहास आहे. पहिली पायरी निदानाची. इंजिन बंद असताना भरलेल्या बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवतो. इंजिन चालू असताना आकडा १४ च्या आसपास चढला पाहिजे. तो जागचा हलला नाही किंवा खाली जात राहिला, तर बॅटरी भरत नाही हे निश्चित. डायनामोच्या काळात काही जण चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून पाहत. गाडी बंद पडली नाही तर डायनामो ठीक. अल्टरनेटरच्या गाडीत हीच युक्ती घातक ठरते. बॅटरीचा आधार सुटताच व्होल्टेज उसळते आणि डायोड जळतात, संगणकालाही इजा होते. जुने शहाणपण नव्या यंत्रावर असे उलटू शकते.

१७/
दुसरी पायरी: इंजिन बंद करून बॅटरीची ऋण तार काढून ठेवायची. अल्टरनेटरची जाड तार थेट बॅटरीच्या धन टोकाशी जोडलेली असते. किल्ली काढली तरी तिच्यात वीज असतेच. पाना एकीकडे तिच्या नटाला आणि दुसरीकडे गाडीच्या लोखंडाला टेकला, तर तीव्र ठिणगी उडते आणि पाना हातातच तापतो. ऋण तार काढली की हा मार्गच तुटतो. दोन मिनिटांची ही पायरी गाळून अनेकांनी हात भाजून घेतले आहेत.

१८/
तिसरी पायरी पट्ट्याची. जुन्या गाड्यांत अल्टरनेटरच्या बोल्टची खाच लांबट असे. बोल्ट सैल करून, पहारीने यंत्र रेटून पट्टा ताणायचा आणि अंगठ्याने दाबून ताण जोखायचा, अशी रीत होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस एकच लांब, चपटा, नागमोडी पट्टा आला. अल्टरनेटर, पाण्याचा पंप, स्टिअरिंगचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर या सर्वांभोवती तो फिरतो आणि स्प्रिंगची एक पुली त्याला आपोआप ताणून धरते. ती पुली पान्याने मागे रेटली की पट्टा सुटतो. त्याची वाट दाखवणारी आकृती बहुतेक गाड्यांत बॉनेटखाली चिकटवलेली असते. नसेल तर पट्टा काढण्यापूर्वीच कागदावर काढून ठेवावी.

१९/
मग रबरी टोपीखालचा जाड तारेचा नट आणि प्लग काढायचा, दोन-तीन बोल्ट सोडायचे, आणि अडचणीतून वाट काढत यंत्र बाहेर घ्यायचे. पुष्कळदा यातच सर्वाधिक वेळ जातो. नवे यंत्र जुन्याशेजारी ठेवून पाहणे आवश्यक: पुलीवरील खाचा तेवढ्याच आहेत का, प्लग तसाच आहे का, बोल्टची भोके जुळतात का. उलट्या क्रमाने जोडणी केली, ऋण तार शेवटी लावली, मीटरवर १४ व्होल्ट आले आणि लाल दिवा विझला की काम संपले. बॅटरी पार उतरली असेल तर ती आधी चार्जरवर भरून घेणे चांगले. मेलेली बॅटरी भरण्याचा सगळा भार नव्या अल्टरनेटरवर टाकू नये.

२०/
पण दिवा विझलाच नाही तर? इथे तिसरा कालखंड सुरू होतो. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून क्रायस्लरने रेग्युलेटरचे काम इंजिनाच्या संगणकाकडे सोपवायला सुरुवात केली. अल्टरनेटरने किती वीज बनवायची हे आता तो ठरवू लागला. दोष संगणकात किंवा मधल्या तारेत असला, तर नवा अल्टरनेटरही मुकाच राहतो. डायनामोचा बिघाड दिसत असे; हा बिघाड विचारावा लागतो आणि उत्तर संगणकाच्या भाषेत मिळते. १९९६ पासून अमेरिकेतील नव्या मोटारींत एकसारखे निदान-सॉकेट सक्तीचे झाले. मूळ हेतू प्रदूषण-नियंत्रणाचा. परंतु साध्या स्कॅनरने दोषाचा संकेतांक वाचण्याची सोय त्यामुळे सामान्य मालकालाही झाली.

२१/
सगळी माहिती मात्र त्या सॉकेटमधून मिळत नव्हती. उत्पादकांची खास निदान-साधने मुख्यतः अधिकृत डीलरकडेच राहत. नोव्हेंबर २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी सुमारे ८६ टक्के मतांनी निर्णय दिला की डीलरला मिळणारी दुरुस्तीची माहिती मालकाला आणि स्वतंत्र मेकॅनिकलाही वाजवी दरात मिळाली पाहिजे. २०१४ मध्ये उत्पादकांनी हे तत्त्व देशभर लागू करण्याचा करार केला. तोवर गाड्या बिनतारी मार्गाने माहिती थेट कंपनीकडे पाठवू लागल्या होत्या. २०२० मध्ये त्याच राज्याने त्या माहितीबाबतही सुमारे ७५ टक्के मतांनी तोच कौल दिला. त्यावर उत्पादक न्यायालयात गेले. भारतातही ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि तिच्या विषयांत वाहने आहेत.

२२/
दरम्यान अल्टरनेटरच इतिहासजमा होऊ लागला आहे. २०२१ च्या मॉडेलपासून टोयोटाची 'सिएना' ही मिनीव्हॅन अमेरिकेत केवळ हायब्रिड रूपात मिळते आणि तिच्यात पारंपरिक अल्टरनेटर नाही. मोठ्या बॅटरीची उच्च दाबाची वीज १२ व्होल्टच्या जवळ उतरवणारा परिवर्तक त्याचे काम करतो. इंजिन सुरू करणारे यंत्रच वीजही बनवते. केटरिंग यांनी १९१२ मध्ये एकाच यंत्राकडून दोन्ही कामे करून घेतली होती, ती कल्पना शतकानंतर परतली. मात्र तिथल्या नारिंगी तारांतील दाब प्राणघातक असतो. त्यांना खास प्रशिक्षणाशिवाय हात लावता येत नाही.

२३/
या शंभर वर्षांचे तीन टप्पे दिसतात. डायनामोच्या काळात मालक यंत्र उघडून दुरुस्त करी. अल्टरनेटरच्या काळात तो यंत्र बंदच ठेवून बदलू लागला. संगणकाच्या काळात बदललेले यंत्र गाडीने स्वीकारावे यासाठी त्याला उत्पादकाकडील माहिती लागते. प्रत्येक टप्प्यावर गाडी अधिक भरवशाची झाली, हे नाकारता येणार नाही. सिग्नलला उभ्या गाडीतही बॅटरी भरत राहणे ही सिलिकॉनचीच कृपा. परंतु त्याच वाटेने मालकाचा हात आपल्याच वस्तूपासून दूर सरकत गेला.

२४/
तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधकांच्या नावाने लिहिला जातो: फॅरेडे, पिक्सी, केटरिंग. मिनीव्हॅनच्या बॉनेटखाली वाकलेल्या पालकाचे नाव त्यात येत नाही. तरीही पुस्तिका विकत घेणारा, दुकानातून पाना मागून आणणारा आणि मतपत्रिकेवर दुरुस्तीचा हक्क मागणारा तोच होता. हेन्स यांच्या पुस्तिका, १९७५ चा कायदा आणि मॅसॅच्युसेट्सचे मतदान यांतली एकही गोष्ट कारखान्याने आपणहून दिलेली नाही. वस्तू विकत घेतल्यावर ती उघडण्याचा आणि समजून घेण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आज मोबाइलपासून ट्रॅक्टरपर्यंत सर्वत्र विचारला जातो. त्याच्या इतिहासातील एक प्रकरण त्या लाल दिव्याखाली लिहिले गेले आहे.